विडी एकट्याची नसते : पेण-रोह्याच्या वस्त्यांत धूम्रपान सोडणाऱ्याला सोबत कशी द्यावी

धूम्रपान सोडण्याचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास येते : "मनावर घेतलं तर काय अवघड आहे?" पेण आणि रोहा तालुक्यांतल्या वस्त्यांमध्ये काम करताना हे वाक्य विहारात ऐकू येते, दवाखान्याच्या बाकावर ऐकू येते आणि विडी ओढणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडूनही ऐकू येते. तो ते थोडी मान खाली घालून म्हणतो, इतकाच फरक. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्यामागे एक समजूत असते की विडी ही त्या माणसाची खासगी बाब आहे. लागली त्याच्या चुकीने, सुटेल त्याच्या निश्चयाने, आणि बाकीच्यांचे काम फक्त उपदेश करण्याचे. ही समजूत बरोबर नाही. तिच्यामुळे आपण चाळिशी-पन्नाशीतली माणसे गमावतो आहोत, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडते आहे.

आधी विडी कुठे ओढली जाते ते पाहू. पेणजवळच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. साच्यातून मूर्ती काढणे, घासणे, रंग देणे, डोळ्यांची आखणी, असे काम हातोहात पुढे जाते. चतुर्थी जवळ आली की रात्री जागवल्या जातात. घासकामाची पांढरी धूळ अंगावर, नाकातोंडात असते. अशा रात्री दोन-तीन वाजता चहा येतो आणि चहाबरोबर विडी येते. कारखान्याबाहेर पाच-सहा माणसे उकिडवी बसतात. पाठ सरळ करायला मिळते, मालक त्या दहा मिनिटांत हाक मारत नाही. विडी न ओढणाऱ्याला मात्र ही दहा मिनिटे मागता येत नाहीत, कारण "नुसतं बसायला" कोणी सुट्टी देत नाही.

रोह्याकडे धाटावच्या औद्योगिक वसाहतीत चित्र थोडे वेगळे आहे. रासायनिक कारखान्यांत पेट घेणारी द्रव्ये असतात, म्हणून काडीपेटी, लायटर गेटवरच काढून ठेवावे लागतात. त्यामुळे पाळी सुरू होण्याआधी आणि सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर गर्दी होते. आठ तास विडीशिवाय काढायचे म्हणून आत जाताना बरेच जण तंबाखू-चुन्याची पुडी बरोबर ठेवतात. अशा रीतीने एका व्यसनाची दोन होतात.

या दोन्ही ठिकाणी नवा माणूस येतो तेव्हा ओळख कशी होते? "काडी आहे का?" किंवा "चुना दे जरा." एवढ्या दोन शब्दांवर बोलणे सुरू होते. गाव कुठले, कोणाकडून लागलास, ठेकेदार कोण. समाजशास्त्रात देवाणघेवाणीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. वस्तू किती किमतीची आहे याला त्या देवाणघेवाणीत फार महत्त्व नसते, देणे-घेणे होते याला असते. ठेक्यावर आलेल्या, कोणी ओळखत नसलेल्या मुलाला विडी ही टोळीत शिरण्याची जागा देते. आणि आपल्या मुलाच्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. ज्या जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी महाडला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या जिल्ह्यात दुसऱ्या जातीच्या सहकाऱ्याने आपल्या हातातली विडी घेतली, आपल्या विडीवर स्वतःची पेटवली, याचा अर्थ त्या मुलाला शब्दांत सांगता येत नसला तरी कळतो. म्हणून "विडी टाक" असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कानाला ते "त्या माणसांतून ऊठ" असे ऐकू येऊ शकते. हे लक्षात न घेता केलेला उपदेश वाया जातो.

दुसरी बाजू शरीराची. धुरातले निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि थोडा वेळ बरे वाटते. दोन-तीन तासांत त्याचे प्रमाण इतके उतरते की मेंदू पुन्हा मागू लागतो. चिडचिड, अस्वस्थपणा, झोप न लागणे, लक्ष न लागणे, भूक वाढणे ही मागणीचीच रूपे. सोडल्यानंतरचे पहिले तीन दिवस ते आठवडा हा त्रास सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत तो बराच ओसरतो. तलफ येते ती एका वेळी काही मिनिटांची असते. लाट येते आणि जाते. ज्यांची पुन्हा सुरू होते त्यांतल्या बहुतेकांची पहिल्या आठवडाभरातच होते. म्हणजे माणसाला सोबतीची खरी गरज केव्हा असते हे जवळजवळ घड्याळ लावून सांगता येते. आपण मात्र सोडण्याआधी वर्षभर बोलतो आणि सोडल्यानंतरच्या आठवड्यात "आता सोडली ना, बरं झालं" म्हणून आपल्या कामाला लागतो.

विडीबद्दल एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. ती पानाची आहे, सिगारेटसारखी कागदाची नाही, म्हणून सौम्य आहे असे जुनी माणसे सांगतात. टेंभुर्णीचे पान सहज जळत नाही, विडी मध्येच विझते. ती पेटती ठेवायला वारंवार आणि खोल झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे विडीत तंबाखू कमी असूनही फुप्फुसात जाणारे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसते, बहुधा जास्तच असते.

सोडण्याचा फायदा मात्र वयावर अवलंबून असला तरी कोणत्याही वयात संपत नाही. ब्रिटनमधील डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याला सुमारे ३ वर्षे, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला सुमारे १० वर्षे आयुष्य परत मिळते. "आता या वयात सोडून काय होणार, काका?" असे पंचावन्नच्या माणसाला गमतीने म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

सांगणे आणि सोबत सोडणे

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचे गाव आहे. हृदयरोगाच्या अभ्यासासाठी तिथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्या तपासणी होत आली आहे. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या दोन संशोधकांनी तिथल्या १२,०६७ लोकांची १९७१ ते २००३ या काळातली माहिती घेऊन कोण कोणाचा नातेवाईक, मित्र, सहकारी होता आणि कोणी धूम्रपान केव्हा सोडले हे जुळवून पाहिले. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. नवरा-बायकोपैकी एकाने सोडले तर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली. मित्राने सोडले तर ३६ टक्क्यांनी, लहान कार्यालयातल्या सहकाऱ्याने सोडले तर ३४ टक्क्यांनी, भावंडाने सोडले तर २५ टक्क्यांनी. नुसत्या शेजाऱ्याने सोडले तर काहीच फरक पडला नाही. माणसे सुटी सुटी नव्हे तर गटागटाने धूम्रपानातून बाहेर पडत होती. या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले आहेत. सारख्या सवयीची माणसे मुळातच एकमेकांशी मैत्री करतात, मग परिणाम मैत्रीचा की निवडीचा, हा प्रश्न रास्त आहे. तरीही गटाने सोडणे ही गोष्ट त्यात स्पष्ट दिसते.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. धूम्रपान सोडणाऱ्याच्या जोडीदाराला "पाठिंबा कसा द्यावा" हे शिकवले तर यश वाढते का, हे तपासणारे अनेक प्रयोग झाले. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ते सगळे एकत्र तपासले, आणि त्यात स्पष्ट फायदा आढळला नाही. याच संस्थेने गटाने सोडण्याच्या कार्यक्रमांचा आढावा घेतला तेव्हा मात्र, एकट्याने पुस्तिका वाचून सोडणाऱ्यांपेक्षा गटातल्या माणसांना जास्त यश मिळते असे आढळले.

या दोन निष्कर्षांत विरोध आहे असे वरवर वाटेल. बायकोच्या सोडण्याचा इतका परिणाम होतो, मग तिला शिकवून फरक का पडत नाही? माझ्या मते उत्तर साधे आहे. एका अभ्यासात जोडीदार स्वतः सोडतो. दुसऱ्यात तो फक्त सांगतो, समजावतो, लक्ष ठेवतो. सोबत सोडणे आणि सांगत राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या घरांत या फरकाला फार महत्त्व आहे. कोणत्याही व्यसनमुक्ती शिबिरात शेवटी माईकवरून एक वाक्य येतेच : "वहिनींनी मनावर घेतलं पाहिजे." जिच्या हातात पगार येत नाही, जिने विडीवरून शिव्या खाल्ल्या, क्वचित मारही खाल्ला, तिच्याच डोक्यावर त्याच्या फुप्फुसांची जबाबदारी. "ताई, सांगून सांगून माझं तोंड दुखलं," असे बायका म्हणतात तेव्हा त्यांची काही उणीव नसते. कॉक्रेनच्या आढाव्यात जे निघाले तेच त्या आपल्या अनुभवातून सांगत असतात.

आणि मशेरीचे काय? तंबाखू तव्यावर भाजून केलेली ती काळी पूड. कोकणातल्या घराघरांत बायका सकाळी उठल्या की ती दातांना घासतात, दुपारी घासतात, रात्री घासतात, आणि तिला तंबाखू म्हणत नाहीत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. पुरुषांत हे प्रमाण ३५.५ टक्के, स्त्रियांत १७ टक्के. धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, तर तोंडात ठेवण्याचा किंवा घासण्याचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. नवऱ्याला विडी सोडायला सांगितले की "तू आधी मशेरी सोड" हे उत्तर घरात तयार असते, आणि खरे सांगायचे तर ते अगदीच गैर नसते. हे उत्तर भांडणात वाया घालवण्यापेक्षा त्याला धरून बसावे. त्याची विडी आणि तिची मशेरी एकाच दिवशी बंद. दोघेही तिसऱ्या दिवशी चिडलेले असतील, दोघांनाही एकमेकांचा त्रास ओळखता येईल. घरात तवा नाही, पुडी नाही, काडीपेटी फक्त चुलीजवळ. अशा जोड्यांमध्ये उपदेश करणारा कोणी उरत नाही, ही त्यातली मोठी सोय.

शेजारची उदाहरणे

गटाने व्यसन सोडण्याची उदाहरणे आपल्याला परदेशात शोधायला नकोत. रोह्याहून रेवदंडा काही फार लांब नाही. नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ मध्ये सुरू केलेल्या श्री सदस्यांच्या बैठका रायगडच्या गावागावांत भरतात आणि त्यांतून अनेक कुटुंबांतली व्यसने सुटल्याचे लोक सांगतात. त्यांचा ग्रंथ, त्यांचा भक्तिमार्ग आपला नाही. पण तिथे होते काय ते मोकळ्या मनाने पाहिले पाहिजे : दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी तीच माणसे भेटतात. एखादा आला नाही तर लक्षात येते. व्यसन करणाऱ्याला बाहेर काढत नाहीत, बसवून घेतात. यांतले काहीही करायला आपल्याला आपला विचार सोडावा लागत नाही.

पुण्याला अनिल आणि सुनंदा अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू केले. तिथे मुख्यतः दारू आणि इतर अमली पदार्थांच्या आहारी गेलेली माणसे येतात. केंद्रातले दिवस संपल्यावरही पाठपुरावा चालू राहतो, बरे झालेला माणूस नव्याला धीर देतो, व्यसन सोडल्याचा वाढदिवस सगळ्यांसमोर साजरा होतो आणि बायकांचा 'सहचरी' हा स्वतंत्र गट आहे. त्या गटाचा उद्देश नवऱ्यावर लक्ष ठेवणे हा नाही. बायकांना स्वतःचे बोलता यावे, आधार मिळावा हा आहे. गडचिरोलीत २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने चाललेले 'मुक्तिपथ' अभियान आणखी एक पाऊल पुढे जाते. तिथे गावसंघटना बसून ठरवते की गावात दारू, खर्रा विकायचा नाही. एकेका माणसाला सुधारण्याआधी टपरीचा प्रश्न गावाने हातात घेतला.

बिहारमध्ये ७२ शाळांतल्या शिक्षकांबरोबर झालेला प्रयोगही सांगण्यासारखा आहे. निम्म्या शाळांत मुख्याध्यापकांसह सगळ्या शिक्षकांच्या नियमित चर्चा ठेवल्या आणि शाळेचे तंबाखूमुक्तीचे धोरण ठरवले. कार्यक्रम संपताच त्या शाळांतल्या तंबाखू घेणाऱ्यांपैकी ५० टक्क्यांनी महिनाभर तंबाखू बंद ठेवली होती, बाकीच्या शाळांत १५ टक्क्यांनी. नऊ महिन्यांनी पाहिले तेव्हा सहा महिने टिकलेले १९ टक्के आणि ७ टक्के होते. ५० वरून १९. हा आकडा मुद्दाम दिला. भेटी संपल्या की माणसे गळतात. तरीही न केल्यापेक्षा ते बरेच जास्त आहे.

'अत्त दीप' आणि कल्याणमित्र

विहारात हा विषय काढला की दोन गोष्टी समोर येतात. पहिली, पाचवे शील. मद्य आणि प्रमाद घडवणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचे शील आपण दर वंदनेला घेतो. बावीस प्रतिज्ञांतली सतरावी दारूविषयी आहे. मग विडी त्यात येते की नाही? यावर वाद घालणारे तासभर घालतात आणि मग बाहेर जाऊन विडी पेटवतात. भगवान बुद्धांच्या काळात भारतात तंबाखू नव्हता. तो पोर्तुगिजांबरोबर आला आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरहून अकबराच्या दरबारात पोहोचला. शब्दात नाही म्हणून सूट, असा अर्थ ज्याला काढायचा आहे त्याने काढावा. मला या वादात फारसा रस नाही. विडी ओढणाऱ्याला शीलभंग केलेला म्हणून मागे बसवले तर तो पुढच्या रविवारी येणारच नाही, एवढे मात्र दिसते.

दुसरी गोष्ट 'अत्त दीप भव'. आपला दीप आपणच व्हायचे, म्हणजे आपली विडी आपणच सोडायची, असा अर्थ तरुण मुले लावतात. निश्चय ज्याचा त्यालाच करावा लागतो, यात शंका नाही. पण संयुत्तनिकायात आनंद आणि भगवान बुद्ध यांचा एक संवाद आहे. कल्याणमित्र असणे म्हणजे निम्मे धम्मजीवन, असे आनंद म्हणतो. बुद्ध त्याला थांबवतात आणि सांगतात की निम्मे नव्हे, ते संपूर्ण धम्मजीवन आहे. दोन्ही वचने एकाच परंपरेतली आहेत. फक्त पहिले आपण भिंतीवर लिहितो.

कल्याणमित्राने करायचे काय? काही गोष्टी अनुभवाने सांगते.

ज्याची अजून तयारी नाही त्याला तारीख विचारू नये. "दादा, सोडावीशी वाटली होती का कधी?" एवढाच प्रश्न पुरतो. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांनी सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले होते. त्यामुळे बहुतेक वेळा उत्तर "हो" येते आणि मग तो आपणहून मागचा प्रयत्न सांगू लागतो : किती दिवस टिकली, कुठे मोडली. तो जे सांगतो तेच पुढच्या वेळचे नियोजन असते. हळदीत मोडली असेल तर हळदीत त्याच्याजवळ कोण बसेल हे ठरवायचे. पाळी सुटल्यावर मोडली असेल तर त्या वेळी गेटवर कोण भेटेल हे ठरवायचे.

तारीख त्याची त्याने ठरवावी आणि ती तीन-चार माणसांना माहीत असावी. पूर्ण वस्तीला नको. भीमजयंतीच्या व्यासपीठावर माईकवरून शपथ देण्याची आपल्याकडे हौस आहे. टाळ्या पडतात. पण ज्याची पाचव्या दिवशी मोडते तो लपून ओढू लागतो, आणि लपून ओढणाऱ्याला मदत करता येत नाही.

पहिल्या आठवड्यात रोज दोनदा फोन. फोनवर "ओढली का?" हा प्रश्न नको, कारण त्याला खोटे उत्तर सोपे आहे. "कसा गेला दिवस?" विचारावे. तलफ काही मिनिटांची असते, त्यामुळे पाच मिनिटे क्रिकेटच्या सामन्यावर बोलले तरी काम झालेले असते. तो चिडला तर ते अंगाला लावून घेऊ नये. त्या आठवड्यात तो कोणावरही चिडेल. घरातल्यांना हे आधीच सांगून ठेवावे, विशेषतः मुलांना.

दहा मिनिटांची विश्रांती त्याला मिळत राहिली पाहिजे. मूर्तीच्या कारखान्यातल्या माणसाने विडी सोडली की त्याची चहाची बैठकही जाते, आणि माझ्या मते अनेकांची विडी याच कारणाने परत येते. त्याच्याबरोबर आणखी एकाने सोडली तर दोघे वेगळे बसू शकतात. मालक ओळखीचा असेल तर विडी न ओढणाऱ्यांनाही तेवढीच सुट्टी द्या, असे मंडळाच्या दोन माणसांनी जाऊन सांगावे. हे मागणे अवघड नाही. कोणी मागत नाही म्हणून मिळत नाही.

पैशाचे गणितही गटात लवकर पटते. रोज ३० रुपये धरले तर वर्षाचे १०,९५० होतात. काही बचत गटांच्या बायका हे पैसे वेगळ्या डब्यात टाकायला लावतात आणि महिन्याच्या बैठकीत डबा उघडतात. डबा त्याच्याच हातून उघडावा. बायकोने हिशेब मागितला की पुन्हा पहारा सुरू होतो.

औषधांबद्दल संकोच नसावा. "गोळ्या घेऊन सोडली तर ती काय सोडली?" हे बोलणे बंद झाले पाहिजे. २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम औषधाच्या दुकानात मिळतो आणि त्याने सोडण्याचे यश वाढते, हे पुष्कळ अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. मात्र आपल्याकडे तो गुटख्यासारखा भराभर चघळतात, मग उचकी लागते, घशात जळजळते आणि "हे बेकार आहे" म्हणून फेकून देतात. दोन-चार वेळा हळू चावून, तिखटपणा जाणवला की गालात दाबून ठेवायचा. तो ओसरला की पुन्हा चावायचा. चहा पिताना किंवा चहानंतर लगेच घेतला तर तो नीट लागू पडत नाही, पंधरा मिनिटे थांबावे. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाकीची औषधे डॉक्टरच देतील. विडीच्या बंडलावर आणि सिगारेटच्या पाकिटावर २०१८ पासून १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा मोफत क्रमांक छापलेला असतो. तिथे समुपदेशक बोलतात, मराठीतही. फोन लावायला माणूस लाजतो, म्हणून पहिला फोन त्याच्याजवळ बसून लावून द्यावा.

विडी सुटली आणि तंबाखूची पुडी वाढली, तर काहीच सुटलेले नाही. धाटावच्या पाळ्यांमध्ये हे फार होते. सुपारी, मावा यांच्यावर जाणेही तसेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कुठे मिळते हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते.

मंडळाचे काम यापुढे सुरू होते. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे आणि २०० रुपयांपर्यंत दंड आहे. विहार, समाजमंदिर, त्याचा व्हरांडा हे सगळे त्यात येते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. वस्तीतल्या टपरीवर थेट तक्रार करायला जड जाते, कारण ती बहुधा आपल्याच कोणाची तरी असते, एखाद्या विधवा बाईचा संसार तिच्यावर चालतो. तिच्याशी बसून बोलावे लागेल, दुसरा माल ठेवायला मदत करावी लागेल. गडचिरोलीतल्या गावांना जमले ते आपल्यालाही जमू शकते, पण पावती फाडून नव्हे.

आणि वेळ. वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, आपल्या विहारांत ग्रंथवाचनाला माणसे रोज जमतात. निकोटिनचा त्रास ओसरायला महिना आणि सवय मोडायला आणखी दोन, हा हिशेब त्यात बरोबर बसतो. वाचनानंतर पंधरा मिनिटे ज्यांनी सोडली आहे किंवा सोडायची आहे त्यांनी मागे थांबायचे, एवढीच रचना पुरे. मात्र पेणच्या मूर्ती कारखान्यातल्या माणसाला आषाढात सुरुवात करायला सांगू नका. त्याच्या जागरणाच्या रात्री तेव्हाच असतात. त्याने एक तर उन्हाळ्यात सोडावी किंवा विसर्जन झाल्यावर, हातात काम कमी असताना. त्याचा गट वेगळा ठेवावा.

रोह्याला अडचण पाळ्यांची आहे. रोज संध्याकाळची वेळ ठेवली तर दुसऱ्या पाळीचा माणूस त्या आठवड्यात एकदाही येऊ शकत नाही. म्हणून रविवारची सकाळ सगळ्यांची, आणि आठवड्यात एकदा पाळी सुटताना गेटबाहेर दोघांनी त्याला भेटायचे, टपरीपासून थोडे अलीकडे उभे राहून. तो आला नाही, फोन उचलत नाही, तर बहुधा विडी सुरू झाली आहे असे समजावे आणि त्याच संध्याकाळी घरी जावे. एका विडीने सगळे मोडत नाही. "मोडली तर मोडली, आता पाकीटच संपवू" या विचाराने मोडते. घरी गेल्यावर विडीचा विषय आपण काढू नये. चहा घ्यावा, मुलांच्या शाळेचे विचारावे. निघताना तो बाहेरपर्यंत सोडायला येतो, आणि बहुतेक वेळा तिथेच, अंगणात, आपणहून सांगतो.